साडेदहा ते साडेअकरा

मी त्या कक्षात लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मिरजेच्या बाजूला एका जुन्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला बारा खाटा आणि बारा पाळणे होते. बाळंतपणानंतर ज्यांचं मन आजारी पडलं आहे अशा बायका तिथे यायच्या, आणि बाळाला सोबत घेऊन यायच्या. आईला बरं करायचं तर तिच्यापासून बाळ तोडायचं नाही, असा आमच्या थोरल्या डॉक्टरांचा कटाक्ष होता. औषधं, बोलणं, झोप हे आईचं. ते डॉक्टर आणि सिस्टर बघत. माझ्याकडे बाळं. कागदावर मी बालसंगोपन परिचारिका, पण सगळ्या मला मावशीच म्हणायच्या.

तेव्हा सगळं हाताने चालायचं. जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी आम्हीच घरून शिवून आणायचो. कोणत्या बाळाने किती वाजता दूध घेतलं ते खडूने फळ्यावर लिहायचो. दुपारी चहाला पायरीवर बसलं की पेरूच्या झाडावरच्या चिमण्या पार पायाजवळ येत. आता त्या जागी गाड्या लावतात.

कामातला अवघड भाग एकच होता. आजारी आईच्या हातात बाळ कधी द्यायचं, आणि देऊन आपण बाजूला कधी व्हायचं. हे पुस्तकात नव्हतं. तिचे हात, तिची मान, ती बाळाच्या तोंडाकडे बघते की पलीकडे बघते, अशा गोष्टींवरून ठरवायचं.

पाचव्या वर्षी मी चुकले. मीनल नावाची एक शिक्षिका होती. तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर हसायला-बोलायला लागली होती. थोरल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "छाया, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "आता बरी आहे. बागेत फिरू द्या." दुपारी दोनला ती मुलीला घेऊन बागेत गेली. संध्याकाळी दोघी कालव्यात सापडल्या.

मला कोणी बोल लावला नाही. आपल्या सगळ्यांचंच चुकलं, असं डॉक्टर म्हणाले. पण विचारलं मला होतं आणि उत्तर माझं होतं. त्यानंतर मी तिथे जवळपास तीस वर्षं काढली, आणि कोणी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की "डॉक्टर, तुम्हीच बघा" एवढंच म्हणत आले.

म्हणून यंत्र आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला.

यंत्र म्हणजे खरं तर दोन पट्ट्या होत्या. एक आईच्या मनगटावर, एक बाळाच्या पायात. आमच्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना काकण आणि वाळा ही नावं देऊन टाकली. भीती वाटली, ताण आला की शरीरात काही द्रव्यं वाढतात. ती रक्तात असतात, लाळेत असतात, आणि अगदी बारीक प्रमाणात घामातून कातडीवरही झिरपतात. वाळ्याच्या आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा होता; तो ही द्रव्यं आणि कातडीची ओल दर मिनिटाला टिपायचा. तान्ह्या बाळाला घाम दिसत नाही, पण त्या पापुद्र्याला पुरेल एवढा असतो.

अशा दोन रेघा यंत्रासमोर येत, एक आईची आणि एक बाळाची. बाळ रडलं की त्याची रेघ चढते. आईचं मन ठिकाणावर असेल तर पाठोपाठ तिचीही चढते. ती बाळाला घेते, मग दोन्ही रेघा हळूहळू सोबत उतरतात. हजारो आया-बाळांच्या रेघा बघून यंत्र हे शिकलं होतं. त्यावरून ते शून्य ते शंभर असा एक अंक काढायचं. त्याला जोड-अंक म्हणत. दूध पिण्याच्या वेळेला ते सगळ्यांत जास्त महत्त्व द्यायचं, कारण तेव्हाच दोन जीव सगळ्यांत जवळ असतात. त्याच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट चित्र एकच, ते म्हणजे बाळाची रेघ वर गेलेली आणि आईची खाली, सपाट. बाळ घाबरलेलं आहे आणि आईपर्यंत ते पोचतच नाही.

नियमही आला. साठच्या वर अंक गेला की आई बाळाला घेऊन घरी जाऊ शकते. सलग दहा दिवस चाळीसच्या खाली राहिला तर बाळ सहा महिने दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं, नातेवाइकांच्या नाहीतर बालगृहाच्या. सुरुवातीच्या वर्षात यंत्राने दोघींच्या बाबतीत वेळेवर इशारा दिला. आम्हाला कोणालाच त्यांच्यात काही वावगं दिसलं नव्हतं. यंत्र खोटं नव्हतं. हे मी आजही सांगते.

आता आमची चूक सांगते. ती माझ्यापासून सुरू झाली.

बाळाला तेल लावून आंघोळ घालणं आम्ही सोडलं नव्हतं. डॉक्टरांची परवानगी होती, आणि तेल लावलं नाही तर भेटीच्या दिवशी सासवा आमचं डोकं खात. पण तेलाने वाळ्याचा पापुद्रा खराब होई. म्हणून तेल लावायच्या आधी वाळा काढायचा, आणि अंगात तेल पुरतं मुरल्यावर, तासाभराने, परत घालायचा. काढून ठेवलेला वाळा दहा मिनिटांत गार पडे. गार पडला की लाल दिवा लागे, नियंत्रण खोलीतून फोन येई, खुलासा लिहून द्यावा लागे. एकदा मी दोन्ही हात तेलाचे असताना वाळा सहज पोलक्यात खोचला. दिवा लागला नाही. वाळा कुठे आहे हे त्याला कळत नसे. कातडीला लागून आहे एवढंच कळे. दुसऱ्या दिवशी मी ही युक्ती माझ्याबरोबर बाळं सांभाळणाऱ्या रुक्सानाला सांगितली. आठवडाभरात सगळ्या तेच करायला लागल्या. बाळांच्या हृदयाचे ठोके मोजणारी दुसरी पट्टी होती, पण ती पाळण्याच्या गादीत. बाळ पाळण्यात नसलं की ती मुकी. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. आमच्याही डोक्यात आलं नाही.

माझ्याकडच्या बाळाची आंघोळ साडेदहाला. आंघोळ झाली की बाळ थेट आईच्या कुशीत, दूध पिऊन झोपायला. त्याचा वाळा तासभर माझ्याजवळ.

पावणेदोन वर्षं असं चाललं. मग प्रांजल आली.

तासगावच्या पुढे त्यांची द्राक्षबाग होती, बेदाण्याची शेड होती. चोवीस वर्षांची मुलगी. बाळंतपणानंतर नवव्या दिवशी तिला वाटायला लागलं की हे मूल आपलं नाही, दवाखान्यात कोणीतरी बदललं. तिने त्याला उचलून शेडमधल्या, द्राक्षं वाळत घालायच्या जाळीवर ठेवलं आणि घरी येऊन सासूला म्हणाली, आपलं बाळ शोधून आणा. बाळाला काही झालं नाही. आमच्याकडे आली तेव्हा ती कोणाशी बोलत नव्हती. दोन महिन्यांत तो भ्रम पूर्ण ओसरला. राहिली ती लाज. बाळाला, मल्हारला, ती काचेच्या भांड्यासारखं धरायची.

तिचा अंक वर येत नव्हता. सदतीस, पस्तीस, चौतीस. शुक्रवारी दहा दिवस भरत होते. सासूने बाळाला न्यायची तयारी केली होती.

बुधवारी दुपारी डॉक्टर शलाकांनी मला बोलावलं. थोरले डॉक्टर गेल्यावर कक्ष त्यांच्याकडे होता. चाळिशीची, शांत, कामाला पक्की बाई.

"छायाताई, बसा. तुम्ही रोज असता तिथे म्हणून विचारते." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "ही प्रांजल, ही मल्हारची रेघ. दिवसभर बघा, फार वाईट नाही. आणि हे बघा, साडेदहा ते साडेअकरा. रोज. आई एकदम सपाट, बाळ वर. सगळा अंक इथे खाली येतोय."

मी बघितलं. दोन रेघांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

"आणि हे काल," त्या म्हणाल्या. एका जागी बाळाची रेघ सरळ उभी चढली होती, डोंगराच्या सुळक्यासारखी. "दहा पन्नास ते दहा सत्तावन्न. इतकं उंच टोक मी कुठल्याच बाळाचं बघितलेलं नाही. हे बाळ भयंकर घाबरलंय आणि ती तशीच बसून आहे. काल त्या वेळी काय झालं होतं?"

मंगळवारी दहा पन्नासला मी धुण्याची गाडी घेऊन लिफ्टमध्ये होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, दिवा गेला. सात मिनिटं मी त्या अंधारात दारावर थापा मारत होते. बाहेर आल्यावर रुक्सानाने मला पाणी पाजलं होतं, आणि मग आम्ही दोघी हसलो होतो.

पडद्यावर माझी सात मिनिटं होती.

"आठवत नाही," मी म्हटलं, आणि उठून बाहेर आले.

धुण्याच्या खोलीत रुक्साना दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी दार लोटून घेतलं आणि तिला सांगितलं. ती हातातली घडी तशीच धरून उभी राहिली.

"म्हणजे मल्हारचं म्हणून जे दिसतंय, ते तुमचं?"

"त्या तासाचं."

"पण रोज वर कसं? तुम्ही काय रोज लिफ्टमध्ये अडकता?"

याचं उत्तर मला जिना चढतानाच सापडलं होतं. पंधरा दिवसांपासून प्रांजलचा अंक उतरत होता. मला तिच्याबद्दल भीती वाटत होती. बाळ तिच्या कुशीत दिलं की तासभर माझा जीव थाऱ्यावर नसे. कामं करत असे, पण लक्ष तिच्या दाराकडे. माझी ती भीती वाळा टिपत होता आणि मल्हारची म्हणून दाखवत होता. त्याने अंक आणखी उतरत होता. अंक उतरला की दुसऱ्या दिवशी मला आणखी भीती वाटत होती.

रुक्साना खाली बाकावर बसली. "मावशी, आपण सगळ्याच करतो हे. किती बाळं दुसऱ्यांच्या ताब्यात गेली या पावणेदोन वर्षांत?"

"एकोणीस."

"त्यातली आपल्यामुळे किती?"

"कसं सांगणार?"

तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "गप्प राहा. उद्यापासून वाळा पोलक्यात नाही ठेवायचा, संपलं. लागू दे लाल दिवे. सांगून काय होणार? तुम्हाला काढतील, मला काढतील, आणि ती एकोणीस पोरं काय उद्या सकाळी परत येणार आहेत?"

"मल्हार अजून गेलेला नाही."

"आणि यंत्राचं बरोबर असलं तर? चुकीच्या वाटेने का होईना, बरोबर ठिकाणी पोचलं असलं तर? शेडमध्ये ठेवून आली होती ना ती पोराला?"

हे मी स्वतःला विचारायचं टाळत होते. तिने विचारून टाकलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मीनलचा चेहरा मला आता नीट आठवतही नव्हता. आठवत होता तो माझाच आवाज. आता बरी आहे. बागेत फिरू द्या.

गुरुवारी सकाळी मी मल्हारला पायांवर घेऊन तेल लावलं, आंघोळ घातली. वाळा टेबलावर ठेवला. दहा मिनिटांनी लाल दिवा लागला, फोन आला. "पापुद्रा पुसतेय," असं सांगून मी तो ठेवला. बाळाला प्रांजलच्या कुशीत दिलं आणि नेहमीसारखी बाहेर न जाता तिथेच स्टुलावर बसले.

ती खिडकीकडे तोंड करून होती. बाळ पीत होतं. तिचा चेहरा कोरा. मी हात बघितले, मान बघितली, नजर बघितली. एके काळी ज्या गोष्टींवरून मी ओळखायचे त्या सगळ्या बघितल्या. काही म्हणजे काही कळलं नाही. इतकी वर्षं आकडे वाचून माझी नजर बोथट झाली होती, की मुळातच ती कधी धारदार नव्हती, देव जाणे.

"मावशी, आज बसलात?" तिने विचारलं.

"पाय दुखतायत."

"उद्या आई येणार आहेत ना, न्यायला." सासूला ती आई म्हणे. "पाळण्याला नवीन कापड आणलंय म्हणे."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. मशीनला दिसत असेल काहीतरी." ती बाळाच्या कानामागचं ओलं बोटाने टिपत होती. "फक्त एक कळत नाही. डॉक्टर म्हणाल्या, या तासालाच सगळं बिघडतं. मावशी, मला दिवसभर धाकधूक असते. मी याला पाडेन, मी परत काहीतरी वेड्यासारखं करेन. याला आंघोळ घालून तुम्ही आणून देता, मग हा झोपतो, गरम गरम. तेवढा एकच तास मला भीती वाटत नाही. आणि मशीन म्हणतं, तोच तास वाईट. म्हणजे मला जे बरं वाटतं तेही खोटंच असणार."

ती मला दोष देत नव्हती. मला सुचवतही नव्हती. तिला काही माहीतच नव्हतं.

मी स्टुलावरून उठले आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले.

उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पोलकं, लिफ्ट, पावणेदोन वर्षं. सुरुवात माझी, हेही सांगितलं. डॉक्टर शलाका ऐकत होत्या. एका क्षणी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सगळ्याच?"

"मी शिकवलं सगळ्यांना."

"एकोणीस सह्या माझ्या आहेत, छायाताई."

त्या उठून दारापर्यंत गेल्या, परत आल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पडद्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तो तास वगळून अंक काढता येतो. बसा."

यंत्राला दोन मिनिटं लागली. अंक आला बावन्न.

चाळीसच्या वर. साठच्या खाली. मी तो अंक बघितला आणि मला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी घाम फुटला, कारण या मधल्या पट्ट्यात नियम काय सांगतो ते मला माहीत होतं. तिथे यंत्र निर्णय देत नसे. अर्जाच्या शेवटी एक रकाना होता, 'बाळाची रोजची काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं मत'. ते मत आलं की त्यावर डॉक्टरांची सही. आमच्याकडे तो रकाना कोणी कधी भरला नव्हता. अंक कुठल्या तरी बाजूला जाईपर्यंत आम्ही वाट बघायचो.

"वाट बघू या," मी म्हटलं. "पंधरा दिवस नीट मोजू."

"दहा दिवसांचा अहवाल उद्या जातो. तो आपोआप जातो, मला थांबवता येत नाही. मत जोडलं तरच थांबतो." त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. "तुम्हाला काय वाटतं?"

"डॉक्टर, तुम्हीच बघा."

"मी तिला आठवड्यातून दोनदा अर्धा तास बघते. तुम्ही रोज बघता."

"मी एकदा चुकलेय."

"ऐकलंय मी." त्यांचा आवाज मऊ नव्हता. "मीही चुकलेय, आत्ताच कळलं. एकोणीस वेळा, की चार वेळा, की नऊ वेळा, ते माहीत नाही. म्हणून आता कोणी काही म्हणायचंच नाही का?"

मी पेन हातात घेतलं. मी लिहिलं, 'बाळ आईजवळ राहू द्यावं.' ते बघून मला एवढी भीती वाटली की मी लगेच पुढे लिहिलं, 'सुरुवातीला मी त्यांच्या घरी सोबत राहीन.'

शुक्रवारी प्रांजलचा नवरा ऋतुराज आणि सासू आले. सासूच्या हातात पाळण्याचं कापड. डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने ते पिशवीत परत घातलं आणि माझ्याकडे वळली.

"बाई, काल फोनवर चौतीस म्हणाला होतात. आज बावन्न. उद्या काय म्हणाल?"

"काल चूक आमची होती."

"मग आज कशावरून नाही?" तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "मी सुनेची वैरीण नाही. त्या शेडमधनं पोराला उचलून मी आणलंय. मुंग्या चढल्या होत्या त्याच्या पायावर. तुमचं मशीन काय म्हणतंय ते सांगा, म्हणजे मला झोप लागंल."

"मशीन म्हणतंय, छायाला विचारा," मी म्हटलं.

"आणि छाया काय म्हणते?"

"छाया तुमच्याबरोबर येतेय."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मांसाहार करता का? आमच्यात शुक्रवारी नसतो," एवढंच म्हणाली, आणि पिशवी ऋतुराजकडे दिली.

गाडीत बसायच्या आधी प्रांजलने मला बाजूला घेतलं. "मावशी, तुम्हाला खात्री आहे?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "मलाही नाही," ती म्हणाली, आणि मल्हारला घेऊन आत बसली.

त्यांच्या घरी मी आठ दिवस होते. बेदाण्याचे दिवस होते, सकाळी सगळी माणसं शेडवर जायची. घरात आम्ही दोघी आणि बाळ. ती स्वयंपाकघरात गेली की मी उठायचे. तिने दार पुढे केलं की मी काहीतरी निमित्त काढून हाक मारायचे. विळी, सुरी, स्टोव्ह, हौद, सगळ्या गोष्टी मला वेगळ्या दिसायला लागल्या होत्या. सासू जेवताना माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी मान हलवायचे, सगळं ठीक. तिला झोप लागायची. मला नाही.

नवव्या दिवशी सकाळी प्रांजल माझ्यासमोर चहा ठेवून बसली.

"मावशी, रागवू नका. तुम्ही आता जा."

"का गं? काही चुकलं माझं?"

"तुम्ही माझ्याकडे बघत असता. सतत. तुम्ही बघता म्हणून मला वाटायला लागतं की बघण्यासारखं काहीतरी होणार आहे." तिने कप फिरवला. "सुरी हातात घेतली की तुम्ही उठता. मग मीही सुरीकडे बघते. त्याआधी मी फक्त कांदा चिरत असते."

ती म्हणत होती ते खरं होतं. वाळा नव्हता, पण माझी भीती पुन्हा त्या घरात झिरपत होती. कक्षात ती बाळाच्या नावावर गेली होती, इथे आईच्या अंगात चालली होती.

दुपारच्या एसटीने मी निघाले. ऋतुराज फाट्यापर्यंत सोडायला आला. पहिली गाडी मी सोडून दिली. तो मोटारसायकलवर तसाच बसून राहिला. दुसरी आली तेव्हा म्हणाला, "मावशी, चढा," आणि माझी पिशवी आत ठेवली.

दवाखान्यात चौकशी सुरू झाली होती. मला कामावरून कमी केलं, ते योग्यच झालं. रुक्सानाला समज देऊन ठेवलं. एकोणीस जोड्यांचे अंक पुन्हा काढले गेले. त्यातले सात चाळीसच्या वर निघाले. ती सात मुलं परत आली, पण तोवर काही चालायला लागली होती आणि आईला बघून आजीच्या मागे लपत होती. त्यांतल्या एका आईने मला बाजारात गाठलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता निघून गेली. तिने काही बोलावं म्हणून मी तिच्या मागे दोन दुकानं गेले होते.

पण हे सगळं पुढचं. तेव्हा प्रांजलच्या घरून परतल्याला चारच दिवस झाले होते. दुपारी तीनचा सुमार. फोन वाजला.

"मावशी." मागे मल्हार टाहो फोडत होता. "एक वाजल्यापासून रडतोय. पाजलं, लंगोट बदलला, फिरवलं, सगळं केलं. घरात कोणी नाही. डोकं फुटायची वेळ आलीय माझी. नुसता वैताग आणलाय कार्ट्याने. घ्या ना कोणीतरी याला, न्या ना कुठेतरी."

हा आवाज मी पूर्वीही ऐकला होता. हजार आयांच्या तोंडून ऐकला होता. त्यातल्या नऊशे नव्व्याण्णव बऱ्या होत्या, आणि एक नव्हती. आता माझ्याकडे रेघ नव्हती, अंक नव्हता. साठ किलोमीटरवरून नुसता आवाज. डॉक्टरांना फोन करावा. सासूला करावा. शेड घरापासून दहा मिनिटांवर. मी फोन कानापासून दूर केला, आणि परत कानाला लावला.

"तू जेवलीस का?"

"काय?"

"जेवलीस का सकाळपासून?"

ती थांबली. "नाही."

"काय केलंय?"

"भाकरी आहे. वांग्याची भाजी."

"त्याला अंथरुणावर ठेव. ताट वाढून घे आणि जेव. रडू दे दहा मिनिटं, रडून काही होत नाही. मी फोन ठेवत नाही."

"खरंच रडू देऊ?"

"दे."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग झाकण, ताट, पाण्याचा तांब्या. मल्हार रडतच होता, श्वास घ्यायला थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. मी कॉटच्या कडेला बसून ऐकत होते. मग एकदम, मध्येच, रडणं तुटलं.

"प्रांजल?"

उत्तर नाही.

मी उठून उभी राहिले. चपला पायात सरकवल्या, जसं काही चालत पोचणार होते. "प्रांजल, बोल काहीतरी. प्रांजल."

फोनमधून बारीक, घाईघाईने गिळल्याचा आवाज यायला लागला. घुटक, घुटक, आणि मध्ये एक उसासा.

"मावशी," तोंडात घास असतानाच ती म्हणाली, "याला एका हाताने धरलंय. एका हाताने भाकरी मोडत नाहीये."

"मग कुस्करून खा," मी म्हटलं, आणि चपला तशाच पायात ठेवून खाली बसले.